‘लेकीचं सैराट होईल’ म्हणणाऱ्या आईला

पत्राचा सारांश : ऊसपट्ट्यातल्या एका गावातून एका ताईंचं सहा पानी हस्तलिखित पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. मळ्यात घर, पती बागायतदार, कारखान्याच्या आणि सोसायटीच्या राजकारणात घराचं वजन. मोठा मुलगा चोवीस वर्षांचा, ‘डोक्यानं गरम’. धाकटी मुलगी वीस वर्षांची, तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीत चकल्या तळताना तिनं आईला सांगितलं, की कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेल्या आणि आता नोकरीला लागलेल्या एका मुलावर तिचं प्रेम आहे. मुलगा तेवीस वर्षांचा. जात ‘आपल्यात कधीच चालणार नाही अशी’. घरात हे आईशिवाय कुणालाच माहीत नाही. पंधरा दिवसांनी टीव्हीवर ‘सैराट’ सिनेमा लागला : वाड्यावरची आर्ची आणि वेगळ्या जातीतला परश्या पळून जाऊन संसार मांडतात आणि शेवटी तिच्या माहेरची माणसं दोघांना मारतात. शेवट पाहताना गॅसवरचं दूध उतू गेलं तरी ताईंना कळलं नाही. त्या विचारतात : हिच्या वडिलांना आत्ताच सांगून टाकू का? तुळशीच्या लग्नानंतर स्थळं बघून उरकून टाकू का? की तोच सिनेमा पोरीला समोर बसवून दाखवू, म्हणजे डोक्यातलं खूळ जाईल?

ताई,

तुमच्या पत्राच्या चौथ्या पानावर एक ओळ खोडलेली आहे. निळ्या शाईनं दोनदा रेघ मारलीय, पण पान उजेडाकडे धरलं की वाचता येते : ‘पोरगा मी बघितला, बोलायला बरा वाटला.’ एवढं सोडलं तर सहाही पानांत त्याच्याबद्दल चांगलं एक अक्षर नाही. ही ओळ तुम्ही का खोडलीत ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही अंदाज आहे. पोरगा वाया गेलेला असता तर तुमचं काम सोपं झालं असतं. ‘नाद सोड’ म्हणायला कारण मिळालं असतं. तो बरा निघाला, म्हणून हे पत्र लिहावं लागलं.

तुमची भीती मी खोटी मानत नाही. नगर जिल्ह्यात सोनईला २०१३ मध्ये तीन तरुणांचे खून झाले, ते एका प्रेमप्रकरणावरूनच. त्यात सहा जणांना सत्र न्यायालयानं २०१८ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. त्याच जिल्ह्यात खर्ड्याला २०१४ मध्ये बारावीतलं एक पोरगं मारलं गेलं. तिथं साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. दोन्ही ठिकाणी मारली गेलेली पोरं दलित होती. तेव्हा तुमच्या अंगावर काटा आला तो नुसत्या पडद्यावरच्या गोष्टीमुळे आला, असं मी म्हणणार नाही.

पण त्या सिनेमातून तुम्ही जे उचललंत, तिथं मला थांबायचं आहे.

नागराज मंजुळ्यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला. मी तो त्याच मे महिन्यात, भर दुपारच्या खेळाला पाहिला. ‘झिंगाट’ लागल्यावर पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायला गेली, त्यात दोन आज्याही होत्या. मग शेवट आला. तुम्ही पाहिलाच आहे : आवाज पूर्ण बंद होतो, शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू परत येतं, आत जातं, आणि रक्ताची इवली पावलं उमटवत बाहेर पडतं. दिवे लागले तेव्हा थिएटरात नुसता चपलांचा आवाज होता. बाहेर स्कूटर काढताना शेजारी एक गृहस्थ आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला म्हणाले, ‘बघितलंस ना, काय होतं ते?’ मुलगी खाली बघत राहिली. मला ते वाक्य अजून टोचतं. मारणारे कोण होते ते सगळ्या थिएटरनं पाहिलं होतं. भाऊ होता, भावकीतली माणसं होती. आणि दम कुणाला भरला, तर पोरीला.

तुम्ही तिसऱ्या प्रश्नात हेच करायला निघालाय, ताई. पोरीला तो सिनेमा दाखवून तिच्या हाती काय लागणार? तो सिनेमा निघाला तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल. त्यातली गाणी ऐकतच ती मोठी झाली. शेवट तिला पाठ आहे. शेवट पाठ असूनही तिनं तुम्हाला सांगितलं, तेही कढईसमोर, जिथं तुम्हाला उठून जाता येणार नव्हतं. यात मला खूळ दिसत नाही. आईवर टाकलेला भरवसा दिसतो. आर्चीला तो टाकता आला नव्हता. तिच्या घरात आई आहे, चांगली आहे, पण तिचा आवाज त्या वाड्यात कुठंच पोचत नाही.

आणि एक. या सिनेमानं आपल्या बोलीतल्या एका चांगल्या शब्दाची वाट लावली, त्यात सिनेमाचा दोष नाही. सैराट म्हणजे मोकाट, बेभान, दावं तुटलेलं. आता ‘सैराट होईल’ ही धमकी झालीय आणि ‘सैराट केलं’ म्हणजे पळून गेले. अंगावर वीज पडावी तसं काहीतरी आपोआप ‘होतं’, असं त्यातून वाटतं. पण सिनेमा नीट आठवा. हैदराबादला त्या दोघांनी काय काय केलं! झोपडपट्टीत राहिले. सुमनअक्कानं आसरा दिला. वाड्यात ताटावरून न उठणारी पोरगी बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागली, परश्या डोशाच्या गाडीवर उभा राहिला. रजिस्टर लग्न झालं, लेकरू झालं, हातात चार पैसे आले. प्रेम फसलं नव्हतं, ताई. संसार लागला होता. शेवट जो झाला तो त्यांच्या प्रेमातून उगवला नाही. शेकडो मैलांवरच्या एका घरात कुणीतरी ठरवलं, गाडी काढली आणि ते आले.

म्हणून ‘मुलीला कसं आवरू’ हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. माझा प्रश्न असा : तुमच्या घरातून गाडी निघेल का? निघाली तर चालवणारा कोण असेल? हे मला इथं बसून कळणार नाही. तुम्हाला कळू शकतं, आणि तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यावरच ठरतील.

आता पहिला प्रश्न. वडिलांना सांगायचं का? कधीतरी सांगावंच लागेल, पण आत्ता, भीतीच्या भरात, मन हलकं करायला म्हणून सांगू नका. तुमचं मन हलकं होईल, वजन पोरीच्या डोक्यावर जाईल. आधी आठवा : भावकीतली किंवा गावातली एखादी मुलगी अशी गेली तेव्हा हे काय म्हणाले होते? चारचौघांत काय म्हणाले आणि रात्री जेवताना काय म्हणाले? पुष्कळ पुरुष पारावर ‘माझी असती तर तोडून टाकली असती’ म्हणतात आणि घरी येऊन ‘जाऊ दे, सुखात असली म्हणजे झालं’ असं पुटपुटतात. हे दुसरं वाक्य तुम्ही कधी ऐकलं असेल तर त्याला धरून पुढे जाता येईल. घरीही पहिलंच वाक्य असेल, तर तुम्हाला घाई परवडणारी नाही. तुमच्या पत्रात पतीबद्दल ‘रागीट’ हा शब्द नाही, मुलाबद्दल दोनदा आहे. मुलाच्या डोक्यात कोण भरवतं, तो कुणाबरोबर उठतो-बसतो, त्यानं आजवर कुणावर हात उचललाय का, आणि उचलला तेव्हा घरानं काय केलं, हे मनाशी मांडा. सिनेमात आर्चीचा भाऊ, तो प्रिन्स, भर वर्गात सरांच्या कानाखाली मारतो. मला तर शेवटचा प्रसंग त्या थपडेपासूनच सुरू झाल्यासारखा वाटतो. तुमच्या घरात अशी एखादी थप्पड हसण्यावारी गेली आहे का?

दुसरा प्रश्न, उरकून टाकण्याचा. याला माझा सरळ नकार आहे. आर्चीच्या घरीही तिचं लग्न ठरवायची घाई झाली आणि त्या घाईनंच ती घराबाहेर पडली. जी गोष्ट कदाचित दोन वर्षांनी शांतपणे बोलता आली असती ती एका रात्रीत ट्रेनच्या डब्यावर आली. शिवाय ज्या तिऱ्हाईत पोराच्या गळ्यात तुम्ही तिला बांधाल त्याचा काय गुन्हा? जबरदस्तीनं घेतलेल्या होकाराचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली न्यायालयात रद्द होऊ शकतं, हे तर आहेच. पण कायदा सोडा. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत चाळिशीतल्या बायकांची जी पत्रं असतात, त्यातली कितीतरी ‘तेव्हा घाईत उरकलं’ इथूनच सुरू होतात.

मग करायचं काय? मुलीशी बोलायचं. तुम्ही चकल्यांच्या दिवशी ‘गप बस, कुणी ऐकेल’ म्हणालात, त्यानंतर महिनाभर विषय नाही, असं लिहिलंय. ती गप्प बसली म्हणजे विषय संपला असं समजू नका. ती आता दुसरीकडे बोलत असेल. एखाद्या दुपारी, घरात कुणी नसताना, तुम्हीच सुरुवात करा. एक करार करा दोघींत : ‘तुला विचारल्याशिवाय मी कुणाला सांगणार नाही, आणि मला सांगितल्याशिवाय तू उंबरा ओलांडणार नाहीस.’ तिचा फोन काढून घेऊ नका, कॉलेज बंद करू नका. या दोन गोष्टी केल्या की मुलगी लग्नाचा विचार न करता सुटकेचा विचार करायला लागते. डिग्रीला अजून दीड वर्ष आहे. ते पूर्ण होऊ द्या. तिच्या नावाचं बँक खातं असू द्या, त्याचं एटीएम तिच्याकडे असू द्या. आधार, मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला कुठं ठेवलाय ते तिला माहीत असू द्या. हे वाचून तुम्हाला वाटेल, बाई पळून जायची तयारी करून देतेय. नाही. ही तयारी मी कुठल्याही वीस वर्षांच्या मुलीसाठी सांगितली असती, स्थळ तुम्ही शोधलं असतं तरीही.

त्या मुलाचीही पारख करा, पण जातीनं नको. इथं मी परश्याचीही बाजू घेणार नाही. हैदराबादेत त्याच्या मनात संशय शिरतो, आर्ची कारखान्यातल्या कुणाशी हसून बोलली एवढ्यावरून तो तिच्यावर हात टाकतो आणि ती निघून जाते. आपण त्याला कवी म्हणून, विहिरीत सूर मारणारा म्हणून इतकं डोक्यावर घेतलं, की ही थप्पड बहुतेकांना आठवतच नाही. मला आठवते. तेव्हा मुलीला विचारा : तो तुझा फोन तपासतो का? अमक्याशी बोलू नको म्हणतो का? तू पुढं शिकणार म्हटल्यावर त्याचा चेहरा कसा होतो? चिडल्यावर काय करतो? आणि त्याच्या घरचं काय, हेही विचारा. आपण नेहमी मुलीच्या घराच्या अब्रूबद्दल बोलतो. परश्याचा बाप पंचांपुढे स्वतःलाच मारून घेतो, त्याच्या कुटुंबाला गाव सोडावं लागतं, तो भाग आपण पॉपकॉर्न खात पार करतो. तुमच्या मुलीचं प्रेम त्या घराला काय किमतीला पडेल याचा विचार तिनंही करायला हवा. वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे, महाराष्ट्रानं २०१६ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला. पण तक्रार द्यायला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते, आणि ती पायरी सगळ्यांना सारख्याच उंचीची नसते, हे ऊसपट्ट्यात राहून तुम्हाला मी काय सांगू.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण अशा पत्रांत अर्धी भीती अर्धवट माहितीची असते. मुलगी १८ पूर्ण आणि मुलगा २१ पूर्ण असेल तर लग्नाला आईवडिलांची परवानगी लागत नाही. दोघं हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर जात वेगळी असली तरी हिंदू विवाह कायद्याखाली विधी करून नोंदणी करता येते, त्याला महिनाभराची नोटीस लागत नाही. धर्म वेगळे असतील, किंवा विधी नकोच असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते, तीस दिवस थांबावं लागतं आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. नोटीस भिंतीवर लागते म्हणजे ती कुणाच्याही नजरेला पडू शकते, हे धोका असलेल्या जोडप्यांनी लक्षात ठेवावं. २७ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची किंवा जमातीची संमती गरजेची नाही. प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष असावा आणि सरकारनं सुरक्षित निवाऱ्याचा विचार करावा, असंही सांगितलं. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन संरक्षण मागता येतं. अर्जाची पोच घ्यायची. जिवावरचा प्रसंग आला तर ११२, बायकांसाठी १८१. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आंतरजातीय लग्नांत वर्षानुवर्षं उभे राहत आले आहेत, त्यांच्याशीही बोलता येईल.

ज्यांच्या मुली १८ च्या आत आहेत आणि जे हे वाचतायत, त्यांनी घाईनं पोलिसात धावण्याआधी दोनदा विचार करावा आणि मुलामुलींनी पळण्याआधी दहादा. या वयात मुलीचा होकार कायदा धरत नाही. मुलावर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा लागतो आणि दोघांचंही शिक्षण तिथंच थांबतं. तिथं ‘थांबा’ हा एकच सल्ला आहे.

आता तुमच्याविषयी बोलते. सिनेमात दोघांचं बरं चाललेलं असताना आर्ची घरी फोन लावते. आईशी बोलते, लेकराला बोलायला लावते. पुढे काय होतं ते पडद्यावर दाखवलेलं नाही. पत्ता कुणी दिला, कसा गेला, काही नाही. आपल्याला दिसतं ते एवढंच : आर्ची दारात रांगोळी काढतेय आणि माहेरची माणसं आहेराच्या पिशव्या घेऊन उभी आहेत. ती त्यांना आत घेते आणि चहा टाकते. मी तो प्रसंग दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा माझं लक्ष आर्चीवर नव्हतंच. मी त्या आईचा विचार करत होते. तिनं त्या पिशव्या भरल्या असतील का? नातवाचं झबलं, लेकीची साडी? आणि ते घेऊन कोण चाललंय, हे तिला ठाऊक होतं का?

तुम्ही आज त्या आईच्या जागी आहात, पण तिच्याहून बऱ्या ठिकाणी, कारण तुम्हाला आधी कळलंय. उद्या समजा मुलीनं तुमच्या घराविरुद्ध जाऊन लग्न केलंच, तर तिचा पत्ता तुमच्याजवळच ठेवा. सख्ख्या जावेला नाही, नणंदेला नाही, ‘आता राग गेलाय’ म्हणणाऱ्या मुलालाही नाही. समेटाची पहिली भेट तिच्या घरात ठरवू नका. माणसांची वर्दळ असेल अशा ठिकाणी, मुली-जावयाच्या बाजूची चार माणसं सोबत असताना ठरवा, आणि तुम्ही स्वतः तिथं जा. आहेर दुसऱ्याच्या हाती पाठवू नका. जायला जमत नसेल तर पाठवूच नका. मुलीलाही हे आत्ताच, गोष्ट सांगावी तसं सांगून ठेवा : माहेरचं माणूस अचानक दारात आलं आणि माझा फोन आलेला नसेल, तर आधी मला फोन लाव, मग कडी काढ. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. माहेरच्या माणसाला दारात उभं करायचं म्हणजे काय, हे मला कळतं. पण तुम्ही सहा पानं लिहिलीत ती याच भीतीनं ना?

या टोकाला जायची वेळ तुमच्यावर येईल असं मला खरंच वाटत नाही. पुष्कळ घरांत वर्षभर अबोला होतो, मग एखाद्या बारशाला कुणीतरी हळूच जातं, मग सगळेच जातात. अशी घरं माझ्या ओळखीत आहेत, बातम्यांत मात्र ती येत नाहीत. तुमचं घर त्यातलं आहे का, हे बघायला एक उपाय सुचतो, तोही तुम्हीच सुचवलेला आहे. तो सिनेमा दाखवाच, पण यजमानांना. तसा तो टीव्हीवर लागतच असतो, तेव्हा कुणाला संशय यायचं कारण नाही. मुलगा घरात नसेल अशी रविवारची दुपार बघा. दूध आधीच तापवून ठेवा. शेवटची दहा मिनिटं पडद्याकडे बघू नका, तो भाग तुम्हाला माहीत आहे. शेजारी बसून यजमानांकडे बघा. सिनेमा संपल्यावर त्यांच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघेल, मग ते पोरीबद्दल असो, भावाबद्दल असो, की त्या लेकराबद्दल, ते मला जसंच्या तसं लिहून कळवा. या वेळी काही खोडू नका.